एर्मेलिंदाचं खाकरणं

जीप सुटायला आली होती आणि मागच्या बाकावर नोहेमी अंग चोरून बसली होती. मांडीवर संगणकाची बॅग, बॅगेवर दोन्ही हात, आणि त्या हातांवर ती तोंडाची वाफ सोडत होती. बारांकियाच्या समुद्रकाठी वाढलेली मुलगी ती. तिकडे लोक थंडीविषयी ऐकून असतात, तेवढंच. मानिसालेसला उतरून तिला तासही झाला नव्हता, आणि ओठ निळे पडले होते.

एवढ्यात एक उंच तरुण धावत आला. त्याने छातीशी काहीतरी धरलं होतं... रुआनात, म्हणजे डोंगरातले लोक अंगावर घेतात त्या जाड घोंगडीत, नीट गुंडाळलेलं. एक हात खालून, एक हात वरून, मान सांभाळावी तसा. नोहेमी झटकन सरकली.

“या, इथे बसा. बाळाला वारा लागेल.”

तो बसला. एकदा तिच्याकडे, एकदा गाठोड्याकडे बघून म्हणाला, “लागू दे. तिला सवय व्हायलाच हवी.”

“अहो, सवय कसली! कितवा महिना?”

“अजून जन्मायची आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “परवा डोंगरावर नेऊन ठेवली, की जन्मली म्हणायचं.”

नोहेमीने घोंगडीची घडी अलगद बाजूला केली. आत राखाडी रंगाची पत्र्याची पेटी होती. तिच्या डोक्यावर बोटभर अँटेना.

तिने वर पाहिलं. तो हसू दाबत होता आणि ते त्याला मुळीच जमत नव्हतं. समोर कोंबड्या घेऊन बसलेली बाई तर तोंडाला पदर लावावा तशी शाल लावून हसत सुटली.

“तुम्ही किनाऱ्याकडच्या,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“इथे कुणी अनोळखी माणसाच्या बाळाची घडी उघडत नाही.”

“आणि आमच्याकडे कुणी लोखंडाला घोंगडी घालत नाही!”

“अ‍ॅल्युमिनियम आहे,” तो म्हणाला.

जीप चढाला लागली. वळणावळणावर ती पेटी तिच्या खांद्याला लागत होती आणि तो दर वेळी पेटीचीच माफी मागत होता. उतरायचं ठिकाण आलं तेव्हा दोघं एकदमच उठले. एकाच दारापुढे जाऊन उभे राहिले. तेव्हा कुठे त्याने विचारलं, “म्हणजे... कोड लावायला येणार होत्या त्या तुम्ही?”

“आणि तो कोड ज्यांनी विस्कटून ठेवलाय, ते तुम्ही?”

त्याचं नाव फाबेर.

शहराच्या वरच्या अंगाला, धुक्यात बुडालेल्या त्या घरात एक छोटी कार्यशाळा होती. रुइसच्या डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांवर नजर ठेवायचं काम तिथून चाले. वर बर्फ आणि आत आग, असा तो डोंगर. आग हलली की बर्फ वितळतं, चिखल सुटतो, आणि तो चिखल काय करतो हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. म्हणून प्रत्येक ओढ्याच्या माथ्यावर एक पेटी. पेटीत जमिनीची थरथर ऐकणारा कान, पाऊस मोजणारं भांडं आणि खाली निरोप धाडणारा रेडिओ. ते निरोप कार्यशाळेच्या छतावरची मोठी पेटी झेलायची, आणि वेळ आलीच तर गावागावांतले भोंगे वाजवायची.

पण तांब्या-पत्र्याला आपणहून काही येत नसतं. कानाला जागं कसं करायचं, त्याला काय विचारायचं, त्याचं उत्तर कसं समजायचं, हे कुणीतरी लिहून चिपमध्ये भरावं लागतं. एकेका भागाशी बोलण्याची रीत सांगणाऱ्या कोडला ड्रायव्हर म्हणतात. फाबेरने असे ड्रायव्हर वर्षानुवर्षं लिहिले होते. दर नव्या ओढ्यासाठी आधीच्या ओढ्याचं अख्खं फोल्डर उचलायचं, नवं नाव द्यायचं आणि त्यात हवे ते बदल करायचे, ही त्याची पद्धत.

पहिल्याच सकाळी नोहेमीने कपाळाला हात लावला.

“हे फोल्डर आहेत की गावं?”

“ओढे आहेत.”

“एकच चिप, आणि तिच्याशी बोलायच्या बारा तऱ्हा!”

“ओढे बारा आहेत.”

“एका ओढ्यात दुरुस्त केलेली चूक बाकीच्या अकरांत तशीच राहिलीय! अहो, चिपला कुठे ठाऊक असतं ती कुठल्या ओढ्यावर बसलीय!”

“चिपला नसेल,” फाबेर शांतपणे म्हणाला. “ओढ्याला असतं.”

कार्यशाळेच्या प्रमुख दोन्या अमपारो, म्हणजे अमपारोबाई, कोपऱ्यात तारा सोलत बसल्या होत्या. पिकलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा. मान वर न करता त्या म्हणाल्या, “भांडा, भांडा. या खोलीत हीटर नाही. तेवढीच ऊब.”

नोहेमी कामाला लागली. सगळे कान एका जागी, सगळी पावसाची भांडी एका जागी, सगळे रेडिओ एका जागी. प्रत्येक ड्रायव्हरला तिने चारच दारं ठेवली... जाग, ऐक, सांग, झोप. भाग कुठलाही असो, या चार हाकांना त्याने ओ द्यायची. मग कान बदलला तरी बाकी कोडला खबरही लागायला नको. फाबेर तिच्या खुर्चीमागे उभा राहून बघायचा. एकदा हळूच म्हणाला, “घर झाडल्यासारखं वाटतंय.”

“मग?”

“मग काही नाही. माझ्या वस्तू सापडेनात.”

तिला हसू आलं, पण त्या हसण्यात एक खटका होता. तो बरोबर बोलत होता. ओढ्याओढ्यांचे ते बारके बदल सगळेच काही गबाळेपणाचे नव्हते. म्हणून दुपारी गुळाच्या गरम पाण्याचे पेले घेऊन दोघं खिडकीशी बसू लागली. पाण्यात चीजचा तुकडा सोडायचा, तो मऊ झाला की चमच्याने काढून खायचा. नोहेमीला आधी हे अघोरी वाटलं होतं. आठवड्याने ती त्याच्या पेल्यातलाही काढू लागली.

“सांगा, ला ग्रितोना कशी आहे?”

“भांडकुदळ. जरा पाऊस झाला की दगड आपटते. तिचं लगेच खरं मानायचं नाही.”

“आणि एल मान्सो?”

“तो गरीब दिसतो. त्याचं मात्र कुजबुजणंसुद्धा खरं मानायचं.”

ती लिहून घ्यायची. प्रत्येक ओढ्यासाठी तिने एक छोटं वेगळं पान केलं. रीत एका जागी, आणि स्वभाव ज्याचा त्याच्या पानावर. ते पाहिलं त्या दिवशी फाबेर पान खालपर्यंत वाचत गेला. मग आपली रुआना काढून त्याने तिच्या खांद्यांवर टाकली. ती तिला घोट्यांपर्यंत आली.

“यात माझ्यासारख्या तिघी मावतील,” ती म्हणाली.

“एकच पुरे आहे,” तो म्हणाला, आणि कान लाल करून बाहेर निघून गेला.

डोंगर मात्र तिने अजून पाहिला नव्हता. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो दिवसरात्र धुक्याआड. मग एका पहाटे खिडकीवर टकटक झाली.

“बाहेर या. लवकर... तो उभा आहे.”

ती अनवाणीच धावली. आणि थबकली. तिने डोंगर समोर असेल असं धरलं होतं. तो वर होता. ढग जिथे संपतात असं तिला वाटत आलं होतं, त्याच्याही वर पांढराशुभ्र, गुलाबी होत चाललेला, आणि माथ्यावरून धुराची एक बारीक रेघ निवांत निघालेली. समुद्र तिने जन्मभर पाहिला होता. समुद्र सारखा काहीतरी म्हणत असतो. हा काहीच म्हणत नव्हता. एवढं मोठं काही इतकं गप्प राहू शकतं, हे तिला माहीत नव्हतं. तिच्या चार ओळींचा कोड याच्या छातीला कान लावून बसणार होता! तिचे डोळे भरून आले, कशाने ते तिला सांगता आलं नसतं. वळून बघते तो फाबेर डोंगराकडे बघतच नव्हता.

“काय बघताय?”

“रोजचं आहे मला ते,” तो पुटपुटला. “...हे नाही.”

सगळं लावून झालं. उरली एर्मेलिंदा.

ला सिएगा ओढ्याच्या अगदी माथ्यावर, बर्फाच्या कडेला फाबेरने उभी केलेली ही त्याची पहिली पेटी. सारखी बोलायची, म्हणून तिला त्याच्या आजीचं नाव दिलं होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका वादळात ती बर्फाखाली गेली आणि तिचा आवाज बंद झाला. दुसरी बसवायला त्या कड्यावर जागा नव्हती. आणि ला सिएगाच्या काठावर, खाली, फाबेरची आई राहत होती. दोन्या रोसाल्बा. तिच्या स्वयंपाकघरात गावच्या समितीने दिलेला रेडिओ होता आणि रोज संध्याकाळी त्यावरून ठरलेला आवाज यायचा, “ओढा शांत. चिखल नाही. फाबेर जेवला का? काम्बियो.” आपलं बोलून झालं की काम्बियो म्हणायचं, म्हणजे आता तुमची पाळी. तोवर दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा रेडिओचा शिरस्ता.

एर्मेलिंदा जुन्या रेडिओवर बोलायची. तिच्या एकटीसाठी छतावरच्या पेटीत तसाच एक जुना रेडिओ दिवसभर जागा ठेवलेला असे, आणि ढगाळ आठवड्यात तो बॅटरी पिऊन टाकी.

“तिला बंद करायला हवं,” नोहेमी म्हणाली.

मग दोन्या अमपारोंनी चष्मा काढला. “मुली, आपल्याकडे एक पद्धत आहे. पेटी खाली आणल्याशिवाय तिचा कोड काढायचा नाही. माणूस सापडल्याशिवाय त्याच्या नावाने मेलेल्यासाठीची नऊ रात्रींची प्रार्थना लावतात का?”

“पण त्या एकीपायी उरलेल्या अकरांचं ऐकू येईनासं झालं तर? ज्या कानाला ऐकू येत नाही, तो तुमच्या आईच्या काय कामाचा, फाबेर?”

हे जरा जोरात झालं. फाबेर टेबलावरचा एक स्क्रू फिरवत राहिला.

“बरोबर आहे तुमचं,” तो शेवटी म्हणाला. “करा बंद.”

ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या रविवारी ती एकटी येऊन बसली. एर्मेलिंदाच्या जुन्या रेडिओचा ड्रायव्हर तिने उघडला, आणि तो तसाच बाजूला टाकायचा तिला धीर होईना. जाणाऱ्याला धुतलेले कपडे घालतात, तसं तिने त्यालाही नीट केलं. चार दारं दिली... जाग, ऐक, सांग, झोप. एक निरर्थक दिसणारी ओळ होती ती काढली, बाकीचं पुसून-पासून त्याला रेडिओंच्या रांगेत त्याच्या जागी ठेवलं. मग छतावरच्या पेटीच्या पानावर त्याच्या नावाच्या ओळीपुढे खूण केली. बंद. फाबेरला तिने यातलं काही सांगितलं नाही. तो आता गुळाचं पाणी उभ्या-उभ्याच पीत होता.

तिचं काम संपलं होतं. जायच्या दिवशी तो सकाळीच डोंगरावर निघून गेला. एल मान्सोच्या पेटीची बॅटरी बदलायची आहे, म्हणाला. ती बॅटरी आणखी महिनाभर चालली असती, हे तिघांनाही माहीत होतं.

दुपारची जीप गाठायला नोहेमी उठली. रुआना तिने घडी करून त्याच्या खुर्चीवर ठेवली. एवढ्यात रेडिओ खरखरला.

“कार्यशाळा! कार्यशाळा! नोहेमी गेली का? काम्बियो.”

तिने झडप घालून बटण दाबलं. “नाही. इथेच आहे... काम्बियो.”

फाबेरला धाप लागली होती. “बर्फ मागे सरलंय. पलीकडच्या कड्याला काहीतरी चमकतंय. मध्ये भेग आहे, जाता येत नाही. पण माझ्याकडच्या छोट्या रेडिओवर टिकटिक येतेय. जुन्या रेडिओची टिकटिक! मला ती कळत नाही, छतावरच्या पेटीला कळेल. नोहेमी... एर्मेलिंदा आहे ती. पॅनेलवर ऊन आहे तोवरच बोलेल. आणि खालून ढग चढतोय. काम्बियो.”

“किती वेळ आहे?” तिने विचारलं, आणि काम्बियो म्हणायला विसरली. पण त्याने ओळखलं. “फार नाही,” तो म्हणाला.

अमपारोबाईंनी भिंतीची शिडी आधीच लावली होती. संगणक पोटाशी धरून नोहेमी छतावर चढली. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, बोटं बधिर. पूर्वीच्या घोळात हेच काम करायचं तर बारा फोल्डर पालथी घालावी लागली असती, आणि एका ठिकाणी हात लावला की चार ठिकाणी मोडलं असतं. आता तिला फक्त एक ओळ जागी करायची होती. तिने पान उघडलं, खूण काढली, कोड पेटीत भरला. जुन्या रेडिओचा हिरवा दिवा पुन्हा लागला.

पडद्यावर एक ओळ आली. *निरोप सदोष.* पुन्हा. *निरोप सदोष.*

“काहीतरी येतंय!” ती खाली ओरडली. अमपारोबाईंनी रेडिओ शिडीवरून वर दिला. “फाबेर, निरोप पोहोचतोय, पण माझा कोड तो फेकून देतोय. प्रत्येक वेळी. काम्बियो.”

“तुम्ही तिचा ड्रायव्हर... ठेवला होता?” पलीकडून आवाज आला. “मला वाटलं, काढून टाकला. काम्बियो.”

“ठेवलाय. नीट करून ठेवलाय. एक निरर्थक ओळ होती, तेवढी काढली. काम्बियो!”

वर वाऱ्याचा आवाज. मग फाबेर हसायला लागला. तेवढ्या उंचीवर, तेवढ्या थंडीत तो हसत होता.

“पहिला शब्द टाकून देणारी ओळ ना? अहो, ती निरर्थक नाही! थंडीत तिचा पहिला शब्द नेहमी घोगरा येतो. आजीसुद्धा बोलण्याआधी हटकून खाकरायची. म्हणून तर नाव तिचं दिलं. तिला आधी खाकरू द्या, नोहेमी! काम्बियो.”

“सारखी बोलायची म्हणून दिलं, असं तुम्हीच सांगितलंत!”

“तेही खरंच होतं!”

ती रडत होती की हसत होती, वाऱ्यात कळत नव्हतं. तिने ‘ऐक’च्या दारात ती ओळ पुन्हा घातली. पहिला शब्द जाऊ दे, मग ऐक. समोरच्या उतारावरून ढगाची कड वर सरकत होती. पेटीत पुन्हा कोड भरला. हिरवा दिवा विझला... लागला.

आणि एर्मेलिंदा बोलली.

थंडी किती, ते आधी. मग कल किती. ती बरीच कलली होती, आणि उंची सांगत होती ती जुन्या जागेची नव्हती. बर्फाने तिला चार वर्षं पोटात धरून, तसूतसूने खाली आणून, आज उन्हात सोडलं होतं. मग कानाने ऐकलेले आकडे येऊ लागले. मोठा, मोठा, लहान, लहान, पुन्हा मोठा. नोहेमी बघतच राहिली. हा डोंगराचा श्वास होता. आत कुठेतरी खोल तो वर येत होता, खाली जात होता, कुणाची पर्वा न करता. आणि त्या अफाट जिवाच्या कुशीत पत्र्याची एक म्हातारी तेवढा वेळ कान देऊन बसली होती. ऐकणारं कुणी नसताना.

“काय म्हणतेय?” फाबेरचा आवाज अगदी बारीक झाला होता. “काम्बियो.”

“म्हणतेय, डोंगर शांत आहे. ला सिएगा शांत आहे...” तिने बाहीने पडदा पुसला. “तुमच्या आईच्या डोक्यावर पुन्हा कान आहे, फाबेर. काम्बियो.”

ढग कड्यावर पोहोचला असावा, कारण पडद्यावरच्या ओळी थांबल्या. मग फाबेर बोलला, धडपडत, पायऱ्या दिसत नसल्यासारखा.

“नोहेमी... जीप जाऊ द्या ना. मी... इथे अजून पुष्कळ काही विस्कटलेलं आहे. म्हणजे कोडचं नाही म्हणत मी... काम्बियो.”

तिने बटणावर अंगठा ठेवला, पण त्याआधी तिसराच आवाज आला. स्वयंपाकघरातून, मागे भांड्यांचा आवाज घेऊन.

“फाबेर, ही काय मागणी घालायची तऱ्हा झाली? नीट विचार पोरीला! आणि पोरी, तू लवकर उत्तर दे. एल मान्सोचा पहारेकरी, वरच्या झोपडीतला रखवालदार, सगळे कान लावून बसलेत. माझे वाटाणे करपतायत. काम्बियो.”

खाली शिडी गदागदा हलायला लागली. अमपारोबाईंना हसू आवरत नव्हतं.

“नोहेमी,” फाबेर म्हणाला. आता आवाज थरथरत नव्हता. “माझं प्रेम आहे तुमच्यावर. जीपमध्ये तुम्ही त्या पेटीला जागा करून दिलीत, तेव्हापासून. राहाल? काम्बियो.”

रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला. दोनदा. ड्रायव्हर वर बघत होता. नोहेमीने त्याला हाताने ‘जा’ अशी खूण केली, आणि समोर, जिथे डोंगर असणार हे तिला आता न दिसताही ठाऊक होतं, तिकडे तोंड केलं.

“मग मला माझ्या मापाची रुआना लागेल,” ती म्हणाली. “तुमच्या रुआनात तिघी मावतात, आणि मी तर... मला एकटीलाच मावायचंय. काम्बियो.”

सगळा डोंगर पाळीची वाट बघत थांबला होता, आणि फाबेरला काही केल्या शब्द सापडत नव्हता.

वर कुठेतरी ढग जरासा फाटला असावा. पडद्यावर एक ओळ उमटली. एर्मेलिंदाने आधी घसा साफ केला, आणि मग, शांतपणे, बोलायला लागली.